दोन खुंट्यांमधली मुभा

१

माझं समदं जेवणापासून सुरू होतं, असं बायना म्हणते. खोटं न्हाई. म्हणून ही गोष्ट बी जेवणापासूनच सांगतो.

सोनपेठला गुरुसिद्धप्पांची जिनिंग होती. कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. तितं मी काटेवाला, म्हंजे वजन करणारा माणूस. दिवाळी सरली की इंजन सुरू व्हायचं, ते शिमग्यापर्यंत धडधडत राहायचं. दुपारच्याला इंजन थांबलं की कानात दडे बसल्यावाणी शांत व्हायचं. तवा निवडणीच्या खोलीतून माझी बायको बायनाबाई भाकरीचं फडकं घेऊन बाहेर यायची. लिंबाखाली बसून ज्वारीची भाकरी, कारळाची चटणी, कांदा, कवा कवा गुळाचा खडा. मी अंगानं भारी माणूस. स्टुलावर टेकलो की स्टूल कुरकुरायचं. मंग कडूबाई, निवडणीतली सगळ्यांत जुनी बाई, लांबूनच वरडायची, "मुंजाजी, दमानं बस रं बाबा! मालकाचं स्टूल हाय, तुझ्या बापाचं न्हाई!"

आमाला लेकरूबाळ न्हाई. सुरवातीला बायना लय झुरली, मी बी. मंग एक दिवस ती म्हणली, "आवं, आपण दोघं एकमेकाला पुरतोय की." तवापासून पुरलो. निजामाचं राज होतं, बाजाराच्या दिवशी काय काय कानावर यायचं, कुणी घाबरायचं, कुणी तावातावानं बोलायचं. मी आपला बायनासंगं गप्पा मारत नदीकडच्या घरी जायचो. सुख सुख म्हणतात ते हेच असणार, असं मला त्या वक्ताला वाटायचं. आजबी वाटतं.

२

निवडणीच्या खोलीत बाया मोजक्याच. चांगल्या गावरान कापसातला पाला, पिवळा पडलेला, किडका असा समदा वेगळा काढायचा. लांब खोली, वर टिनं, एकच दार. खाली कापसाचं बारीक तूस असं पसरलेलं की चालताना पायाभोवती उडायचं. तितं आवाज बी मऊ व्हायचा. कुणी शिंकलं तरी वाटायचं की शेजारच्या घरात शिंकलं.

निवडलेला माल लय किमतीचा. मूठभर जरी कुणाच्या पदरातून गेला तरी मालक गुरुसिद्धप्पांना, म्हंजे आमच्या अप्पांना, जेवण गोड लागायचं न्हाई. म्हणून त्यांनी झडती घ्यायला एक बाई ठेवली होती. संध्याकाळी ती दारात उभी राहून एकेकीचा पदर चाचपायची. एक दिवस कडूबाईनं तिचं मनगट धरलं.

"माझ्या पदराला माझा नवरा सुदिक इचारून हात लावायचा," ती म्हणली. "तू कोण गं टिकोजीराव?"

झालं! बाया तिच्या मागं उठल्या आन् कामच बंद पडलं. अप्पा माणूस भला. गळ्यात लिंग, सकाळची पूजा झाल्याबिगर पाण्याचा घोट घ्यायचे न्हाईत. त्यांना लय लाज वाटली. मला ओसरीवर बोलावलं.

"मुंजाजी, हात न लावता कळलं पाहिजे," ते म्हणले. "आन् हे बघ, कुणी तोंडानं कुणाला चोर म्हणायचं न्हाई. तू न्हाई, मी बी न्हाई. आपोआप कळलं पाहिजे."

मी रातभर इचार केला आन् सकाळी म्हणलं, "अप्पा, तुला करू."

नवस फेडताना लेकराला एका पारड्यात बसवून दुसऱ्यात गूळ घालतात न्हाई का? तसं. खोलीच्या दारात मोठा काटा टांगला. एका बाजूला साखळ्यांना बांधलेला पाट, बाईला बसायला. दुसऱ्या बाजूला पारडं. हरेक बाईच्या वजनाइतके गोदावरीतले गोटे भरून तिच्या नावाचं पोतं केलं. अप्पांनी सोताच्या हातानं पोत्यांच्या तोंडाला लाखेची मोहोर मारली, म्हंजे मला बी त्यात बोट घालता येऊ नये. पोती ओट्यावर मांडलेली. जिची पाळी तिचं पोतं ओट्यावरून पारड्यात ढकलायचं. दांडीच्या मधोमध उभा काटा, त्याच्यामागं फळी, आन् फळीवर एक खुंटी, तिला वरच्या घंटेची दोरी अडकवलेली. बाई तिच्या पोत्यापेक्षा भारी झाली की काटा खुंटीच्या पलीकडं जायचा, दोरी ओढली जायची आन् वरची पितळी घंटा वाजायची. पाट हलत राहील तवर वाजतच राहायची.

बाया हसून हसून बेजार. "आमची तुला करायलेत गं! गूळ कवा वाटणार, मालक?"

३

पण खरी गोम खुंटीत होती. खुंटी कुठं ठोकायची?

माणूस काय गोटा न्हाई. बाई भाकरी खाते, वाढते. टिनाखाली घामाघूम होते, घटते. केसात तूस भरतं, लुगडं ओलं होतं, तंबाखूची चंची रिकामी होते. खुंटी जवळ लावली तर भरल्या पोटाची बाई चोर ठरायची. लांब लावली तर चोर भरल्या पोटाची ठरायची. अप्पा म्हणायचे, "मुभा किती द्यायची ते तू ठरव. काटा तुझा."

मी बायांना जेवायच्या आधी तोललं, जेवल्यावर तोललं, पाणी पाजून तोललं. बायना म्हणायची, "आवं, आमी काय बाजारातल्या शेळ्या हाव का?" पयल्या संध्याकाळी कडूबाई पाटावर बसली आन् घंटा वाजली. समद्या बाया जागच्या जागी थिजल्या. अप्पा ओसरीवरून उठले.

कडूबाई पाटावरूनच गरजली, "माझ्या पोटात दोन तांबे पाणी हाय, कापूस न्हाई! काढून दाखवू का हितं?"

अप्पांनी उपरण्यात तोंड लपवलं. मी खुंटी जराशी बाहेर सरकवली. असं करत करत, आज जरा हिकडं, उद्या जरा तिकडं, मुभा जमली. जेवलेली बाई खुशाल जायची आन् मूठभर कापूस घेतलेली अडकायची. एक अडकली बी. कुणी तिला काय म्हणलं न्हाई. घंटा वाजली, ती खाली मान घालून घरी गेली, पुन्हा आली न्हाई. तोच कायदा ठरला: जिच्यासाठी घंटा वाजली तिनं घरी जायचं, बोलावल्याबिगर यायचं न्हाई.

आठवड्याभरानं कडूबाईच म्हणली, "मुंजाजी, तुझा काटा अर्धाच शहाणा हाय. सकाळी मी माझे चांदीचे तोडे घरी काढून ठेवले तर संध्याकाळी तेवढ्या वजनाचा कापूस नेता येईल की. तुझी घंटा मुकीच राहील."

अप्पांचं तोंड उतरलं. मी म्हणलं, "मंग हलक्या बाजूला बी खुंटी ठोकू." त्या बाजूला बैलाच्या गळ्यातली बारकी घंटी बांधली. आता सकाळी येताना बी तोलायचं. बाई हलकी आली की घंटी वाजणार, म्हंजे हिनं काहीतरी घरी काढून ठेवलंय, चोरीची जागा करून आलीया. कायदा तोच.

आता काटा दोन्हीकडून इमानी झाला. मला असा अभिमान वाटायचा की काय सांगू! सकाळी बाया एकेक करून पाटावर बसायच्या, काटा दोन खुंट्यांच्या मधी जरा डुलायचा आन् थांबायचा. कुणाला हात लावायचा न्हाई, कुणावर डोळे वटारायचे न्हाईत. हळूहळू अप्पा काट्याकडं बघेनासे झाले. ओसरीवर तक्क्याला टेकून नुसते कान देऊन असायचे. घंटा वाजली न्हाई म्हंजे समदं ठीक. माझं वजन मातर कुणी करायचं न्हाई. काटेवाल्याला कोण तोलणार?

४

संक्रांत होऊन गेली होती. बायनानं सकाळी तिळाची भाकरी केली होती आन् आमी दोघांनी ती वाटंनं चालता चालताच संपवली होती. ती पाटावर बसली. मी तिचं पोतं ढकललं. काटा डुलला, आन् बारकी घंटी वाजली.

आधी तर मी हसलोच. बायना बी हसली. मंग बघितलं तर बाया हसत न्हवत्या.

"काय काढून ठेवलंस गं?" कडूबाईनं इचारलं. वाईट बोलली न्हाई, पण इचारलं.

बायनानं हात पुढं केले. बांगड्या होत्या. पायात जोडवी, गळ्यात डोरलं, कानात फुलं. समदं जिथल्या तितं. तिचा चेहरा लाल झाला. "काय बी न्हाई काढलं," ती म्हणली, "तुमची शपथ."

"उपाशी आलीया," मी पटकन म्हणलं. धडधडीत खोटं, तोंडात अजून तीळ होते.

अप्पा ओसरीवरून म्हणले, "आजच्या दिवस जाऊ दे, मुंजाजी. पण उद्या वाजली तर मला बी इलाज न्हाई." आन् कायदा समद्यांना सारखा, ते मला बी कळत होतं. उद्या वाजली तर बायना घरी बसली असती. ते बी चाललं असतं. पण सोनपेठच्या बाजारात तिच्याकडं बोट दाखवून कुणी म्हणलं असतं, ही मुंजाजीची बायको, काटेवाल्याची, जिच्यासाठी घंटी वाजली, तर ती त्या दिवसापासून मिटली असती. तिला मी वळखतो. तिच्यापुढं मला जगातलं दुसरं काय बी नको होतं.

दुपारी इंजन थांबल्यावर, बाया बाहेर गेल्यावर, मी हलक्या बाजूची खुंटी उपटली आन् बोटभर बाहेर ठोकली.

५

माणूस डोकं चालवतोच. बाई घटली का पोतं वाढलं? मी तिचं पोतं कापसाच्या दुसऱ्या काट्यावर, लोखंडी मापांनी तोललं. जितकं होतं तितकंच. मोहोर साबूत. पाटाच्या साखळ्या बदलल्या. बाकीच्या बाया बराबर, कडूबाई तर तोलायच्या मापावाणी पक्की. एकटी बायना रोज जराशी वर.

आन् बायना वाळली म्हणावं तर तसं बी न्हाई. गाल भरलेले. बांगड्या हातात रुतायच्या. दोन भाकरी खायची, वर माझ्यातली चतकोर घ्यायची. "आजकाल माझे पाय दुखत न्हाईत बगा," ती म्हणायची. "दिसभर बसून बी पाठ धरत न्हाई. लय बरं वाटतंय." तिला बरं वाटायलंय म्हणलं की मला बी बरं वाटायचं. मंग मी परत खुंटी सरकवायचो.

अप्पांनी एकदा इचारलं, "सारखी खुंटी हालवायलास, कामून?"

"थंडीची माणसं वाळतात, अप्पा. मुभा जरा जास्त लागती."

"बरं बरं. वाजत न्हाई न्हवं?"

"न्हाई."

"मंग बरं."

मला बी त्या दिवसांत जरा थकल्यावाणी झालं होतं. पोती ओट्यावरून ढकलताना पाय मागं सरायचे, जमिनीला धरायचेच न्हाईत. आधी एका रेट्यात पोतं पारड्यात जायचं. म्हणलं, वय झालं. तूस बी लय साचलंय, घसरतं. कडूबाई एकदा दचकून म्हणली, "अगं माय! मुंजाजी, तू कवा येऊन उभा राहतोस कळत बी न्हाई आताशा. मांजरावाणी!" नव्या चपला घेतल्या होत्या मी, मऊ कातड्याच्या. लिंबाखालचं स्टूल बी गप झालं होतं. कुणीतरी पाचर मारली असणार. घरची बाज मी नुकतीच नव्या सुतळीनं विणली होती, दोघं टेकलो तरी ताठच्या ताठ. मला माझ्या विणकामाचं कौतुक वाटलं.

पण एक गोष्ट मला पटवून घेता आली न्हाई. एका दुपारी खोलीच्या दारात उभा होतो. कडूबाई पाणी प्यायला उठली, तिच्या पायाभोवती तूस भसकन उडालं, टिनाच्या भोकातून आलेल्या उन्हात तरंगत राहिलं. तिच्यामागं बायना उठली. तशीच चालत आली, तिथूनच. जोडव्यांचा आवाज आला. तूस हललं न्हाई.

मी म्हणलं, आधीच उडून गेलेलं असणार. कडूबाईच्या मागूनच तर आली. मंग बायना माझ्यापुढं येऊन उभी राहिली आन् म्हणली, "काय बघायलात? चला जेवायला." आन् मी जेवायला गेलो.

६

फळी संपली. खुंटी पार कडेला गेली, त्याच्या पलीकडं ठोकायला लाकूडच न्हाई. आन् काटा तिच्या पाळीला त्या खुंटीला टेकायलाच आला होता.

पोत्यातून गोटे काढता येत न्हवते, मोहोर अप्पांची. मंग मी ते केलं जे कुण्या काटेवाल्यानं करू नये. पासंग लावला. म्हंजे पाटाच्या खालून, कुणाला दिसणार न्हाई असं, गोट्यांची थैली अडकवली, की बायनाची बाजू तेवढी भारी व्हावी. तिची पाळी आली की अडकवायची, झाली की काढायची. माझ्या बापानं पासंगवाल्या वाण्याला भर बाजारात शिव्या दिल्या होत्या. पण बापाला बायना न्हवती.

थैली आधी बारकी होती. मंग मोठी केली. मंग दुसरी जोडली. बायनाला ठाऊक होतं. ती पाटावर बसताना हळूच खाली बघायची आन् म्हणायची, "माझ्या वाटणीचं तुमीच भरायलात की." तिचं हसणं बघून माझा जीव थाऱ्यावर यायचा.

माघाची ती संध्याकाळ. ऊन तिरपं होऊन खोलीत आलं होतं. बाकीच्या बाया तोलून गेल्या होत्या, अंगणात त्यांचा कालवा ऐकू येत होता. राहिली बायना. मी थैल्या अडकवल्या, तिचं पोतं रेटून रेटून पारड्यात घातलं आन् फळीकडं तोंड केलं. काटा डुलला, डुलला, मधोमध येऊन थांबला. इतका सरळ तो कवाच थांबला न्हवता. मला असं समाधान वाटलं!

"झालं," मी म्हणलं. "बराबर भरलीस. उतर."

आतून, खोलीच्या पार त्या टोकाकडून, बायनाचा आवाज आला, "आले, आले. फडकं सापडंना. अजून बसले कुठं?"

मी मान वळवली. पाट रिकामा होता. जरासा हलत होता.

बायना जोडवी वाजवत आली, पदरानं हात पुसत. माझ्या तोंडाकडं बघून म्हणली, "काय झालं?" आन् पाटावर बसली. मी काट्याकडं बघितलं. काटा तसूभर हलला न्हाई. ती बसताना न्हाई, पाय हलवताना न्हाई, उतरताना न्हाई.

तवा मला कळलं की मी किती दिवस झाले गोट्यांनी गोटे तोलायलो होतो. ती कवा बसली, कवा न्हाई, हे त्या काट्याला ठाऊक न्हवतं. मला बी न्हाई. घंटी वाजू नये एवढंच मी बघितलं होतं.

वाटंनं मी तिचा हात घट्ट धरला. लोकांपुढं कवा धरला न्हवता. ती लाजली. हात गरम होता.

७

दुसऱ्या दिवशी दुपारी इंजन थांबलं. बाया लिंबाखाली गेल्या. अप्पा जेवायला घरात गेले. मी बायनाला थांबवलं. "एकदा बस," म्हणलं. "पासंग न लावता. खरं काय ते मला बघू दे."

"आधी जेवा की."

"मंग जेवू."

ती भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन पाटावर बसली. मी पोतं रेटलं. पाय मागं मागं सरत होते; ओट्याच्या दगडाला टाच लावून मी ते कसंबसं पारड्यात लोटलं. पारडं धप्पदिशी जमिनीला लागलं. पाट वर गेला. सरसर वर, माझ्या छातीपर्यंत. बारकी घंटी वाजायला लागली.

बायना वर बसली होती, दोन्ही हातांत साखळ्या, पाय खाली लोंबत. पंचमीच्या झोक्यावर बसल्यावाणी. आधी घाबरली, मंग खुदकन हसली. "अगं माय, किती उंच! उतरवा मला. भाकरी गार होईल."

मला रडू यायला लागलं होतं. खरं सांगतो, गडी माणूस असून. मी म्हणलं, "थांब, थांब, मी हाय ना." साखळी धरून खाली वढली. आली न्हाई. मंग मला सुचलं. मी भारी माणूस, स्टूल मोडणारा. मी पाटावर तिच्याशेजारी टेकलो की पाट आपोआप खाली येईल. एवढी साधी गोष्ट! लिंबाखालचं स्टूल मी सकाळीच दारात आणून ठेवलं होतं, ते जवळ घेतलं, त्यावर चढलो आन् तिच्याशेजारी पाटावर बसलो.

पाट खाली आला न्हाई.

मी वाट बघितली. मंग लेकरं करतात तसं अंग जड केलं, श्वास धरला, खाली रेटलं. पाट जरासा डुलला, घंटी जरा जोरात वाजली, बस्स. समोर पारड्यात बायनाचं पोतं, अप्पांची लाल मोहोर, जागचं हललं सुदिक न्हाई. मला स्टूल आठवलं. बाज आठवली. कडूबाई म्हणली होती ते मांजर आठवलं.

बायना माझ्याकडं बघत होती. "आवं," ती हळूच म्हणली, "तुमी बी?"

तिनं माझा हात घेऊन आपल्या मांडीवर, फडक्यावर ठेवला.

घंटी ऐकून अप्पा आले. भरल्या हातानं तसेच आले. त्यांच्यामागं कडूबाई.

"मुंजाजी!" अप्पांनी हाक मारली. "कुणाची वाजायलीय?"

"अप्पा, हितं हाव आमी," मी मोठ्यानं म्हणलं. "वर. पाटावर."

अप्पांनी खोलीत बघितलं. ओट्यावर बघितलं. मंग पाटाकडं बघितलं, मान वर करून, सरळ माझ्या तोंडाकडं, माझ्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावरून. त्यांच्या मिशीला ताक लागलं होतं, ते मला दिसत होतं.

"रिकामा हाय पाट," कडूबाई म्हणली. "पोतं तसंच ठेवून गेला बघा. वारं लागलं असंल."

वारं न्हवतं. तूस जमिनीवर निजल्यावाणी पडलं होतं.

"गेला कुठं हा?"

"बसला असंल बायनाला घेऊन कुठंतरी भाकरी खात," कडूबाई म्हणली आन् हसली, मायेनं हसली. "सुखाचं जोडपं हाय ते. जाऊ द्या."

"मुभा कमी पडायलीय," अप्पा पुटपुटले. "मुंजाजी बरा हाय, पण फार जवळ लावतो खुंट्या." त्यांनी उजवा हात धोतराला पुसला, फळीजवळ गेले, खुंटी जराशी हलवून बघितली. ती कडेलाच होती, पुढं जागाच न्हवती. मंग त्यांनी ती उपटली आन् खिडकीत ठेवून दिली.

दोरी सैल पडली, घंटी थांबली.

"हां," अप्पा म्हणले. "आता बरं." आन् राहिलेलं जेवायला निघून गेले. कडूबाई बी गेली. तिच्या पायाभोवती तूस उडालं आन् खाली बसलं.

खरं सांगू? आवाज थांबल्यावर मला बी बरं वाटलं. लय दिवसांनी पाठीवरनं काहीतरी उतरल्यावाणी. वरून खोली लांबच्या लांब दिसते, दारातून लिंब दिसतो, त्याच्याखाली माझं स्टूल न्हाई, ते पाटाखाली राहिलं. बायनानं फडकं सोडलं, भाकरी मोडली आन् अर्धी माझ्या हातात दिली. अजून गरम होती.